चौदा हिवाळ्यांच्या वह्या

हॅरो पास, मोंटाना
४ नोव्हेंबर १९९६

श्रीमती व्हर्ना लिंडक्विस्ट यांस,

मी पॅट्रिस. गॉर्डी ट्रेम्बाथची बायको, म्हणजे आता विधवा. तुम्ही त्याची पहिली, मी दुसरी. आपण एकमेकींना कधी पाहिलेलं नाही. तुमचा पत्ता लॉइड पेनगेलीच्या बहिणीने दिला, तिच्यावर रागावू नका. मी दोनदा फोनही केला होता. माझं नाव ऐकलंत आणि ठेवून दिलात.

गॉर्डी एकोणीस सप्टेंबरला गेला. सकाळी सांडपाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बसून कॉफी पीत होता, तिथेच छातीत कळ आली. तुम्हाला कळवलं होतं. आला नाहीत, ते तुमचं तुम्ही जाणे.

लिहायचं कारण वेगळं आहे. गावाचं सांडपाणी शुद्ध करायचं केंद्र आता मी चालवते. चार उन्हाळे गॉर्डीच्या हाताखाली काम केलं, परवानाही काढला. पण हिवाळ्यात मी शाळेच्या स्वयंपाकघरात असायचे, आणि तसंही थंडीत तो कुणाला टाक्यांजवळ फिरकू द्यायचा नाही. 'हिवाळा माझा एकट्याचा,' म्हणायचा. आता हिवाळा आलाय आणि तो नाही. टाकीतलं पाणी पाच अंशांवर उतरलंय. अमोनिया खाणारे जिवाणू सुस्तावलेत. गेल्या आठवड्याच्या नमुन्यात अमोनिया अगदी मर्यादेला टेकला. हे पाणी सरळ ऑटर क्रीकच्या ओढ्यात जातं. नाताळात स्कीवाले आले की सातशेचं गाव पंधराशेचं होतं, तेव्हा काय होईल ते तुम्हाला मी सांगायला नको.

ऑफिसात १९८६ नंतरच्या वह्या आहेत, पण त्यांत हिवाळ्याची पानं जवळजवळ कोरी आहेत. आधीच्या चौदा वर्षांच्या वह्याच नाहीत. गॉर्डी म्हणाला होता की जाताना तुम्ही रागाच्या भरात त्याच्या वह्या उचलून नेल्यात. त्या परत पाठवाल का? टपालखर्च मी देईन.

लॉइड आता गावमंडळाचा अध्यक्ष आहे. परवा भर बैठकीत म्हणाला, "पॅट्रिस, तुझ्या हातची खिम्याची पेस्टी झकास असते, पण हे जरा वेगळं शिजवणं आहे गं." सगळे हसले. मार्चपर्यंत नमुने नीट आले तर नोकरी पक्की, नाहीतर बाहेरची कंपनी.

आपली,
पॅट्रिस ट्रेम्बाथ


सँडी हेड, ओरेगन
१३ नोव्हेंबर १९९६

पॅट्रिस ट्रेम्बाथ यांस,

वह्या मिळणार नाहीत.

'त्याच्या' वह्या मी नेलेल्या नाहीत. त्या माझ्या आहेत. चौदा वर्षांतलं एकेक पान माझ्या हातचं आहे. गॉर्डीला स्वतःचं अक्षर स्वतःला वाचता येत नसे, हे इतकी वर्षं संसार करून तुमच्या लक्षात आलं नसेल तर नवल आहे. रोज सकाळी सहाला बर्फ तुडवत जाऊन पाण्याचं तापमान घेणारी मी, नमुना बाटलीत भरणारी मी, सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणू मोजणारी मी. पगार त्याचा. गावमंडळाच्या कागदावर माझं नाव एकदाही नाही.

१९८३ साली राज्याने सर्वोत्तम छोट्या केंद्राचा सन्मान दिला. हेलेनामध्ये दुपारच्या जेवणाचा समारंभ होता. गॉर्डी उठून बोलला. गावमंडळाचे आभार मानले, टाकीत हवा सोडणारे पंखे बनवणाऱ्या कारखान्याचे मानले, मग आमच्या कुत्र्याचे. मी शेजारीच बसले होते, नवा निळा ड्रेस घालून. लोक कुत्र्यावर खूप हसले. त्यानंतर मी तीन वर्षं राहिले, ती का राहिले ते आता मलाही सांगता येत नाही.

फोन करू नका. मला तुमचा आवाज ऐकायचा नाही.

ऑटर क्रीकमधल्या माशांनी माझं काही वाकडं केलेलं नाही, म्हणून एवढं सांगते. थंडीत गाळ बाहेर काढू नका. उन्हाळ्यात काढता त्याचा चौथा हिस्सा काढा, तोही जपून. अमोनिया खाणारे जिवाणू या गाळातच असतात आणि गारठ्यात फार हळू वाढतात. तुम्ही त्यांना वाढण्याआधीच बाहेर टाकताय. गाळ म्हातारा होऊ द्या, दाट होऊ द्या, तपकिरी फेस आला तर घाबरू नका. टाकीवर ताडपत्री घाला आणि पंखे बंद करू नका.

व्ह. लिंडक्विस्ट


हॅरो पास
२४ नोव्हेंबर १९९६

व्हर्नाबाई,

तुमचं पत्र आलं तेव्हा मी टाकीवर होते. तिथेच हातमोजे काढून वाचलं, मग आणखी दोनदा वाचलं. मन लावून वाचायला हवी अशी वाक्यं मध्ये होती, पण माझी नजर सारखी कुत्र्यावरच जात होती.

आधी कामाचं. गाळ काढणं जवळजवळ बंद केलं. दहा दिवसांत अमोनिया निम्म्यावर आला. फेस आलाय, चॉकलेटच्या रंगाचा, कठड्यापर्यंत. लॉइड बघायला आला आणि म्हणाला, "हे काय, बिअर गाळतेस काय?" मी म्हटलं, "आधी चव घे, मग बोल." तो गेला. तेव्हा आभार.

आता दुसरं. गॉर्डीने मला सांगितलं होतं की हिवाळ्याची युक्ती त्याला एकट्याला सुचली, एका जानेवारीत, बर्फावर बसून मासे धरताना. ही गोष्ट त्याने आमच्या लग्नाच्या जेवणात सांगितली होती. मी त्याच्यावर भाळले त्यातलं निम्मं त्या गोष्टीमुळे. खोटं कशाला बोलू? आणि आता कळतंय की त्या वेळी बर्फावर तुम्ही उभ्या होतात.

पण मलाही त्याने शिकवलंय. सूक्ष्मदर्शकात जिवाणू कसे बघायचे ते त्याने माझ्या मागे उभं राहून, माझ्या हातावर हात ठेवून शिकवलं. तुम्हाला तसं शिकवलं होतं का? मला वाटत नाही. तुम्ही तर आपल्या आपणच शिकलात.

शेडही साफ केली. दहा वर्षांचा कचरा होता. जुने पट्टे, उंदरांनी खाल्लेले नकाशे, मागे धुण्याच्या सोड्याची बावीस पोती. एवढी फरशी कोण धूत होतं देव जाणे. शाळेच्या धुलाईला देऊन टाकली, त्या बायका खूश झाल्या.

पॅट्रिस


सँडी हेड
३ डिसेंबर १९९६

पॅट्रिस यांस,

गाळ तसाच धरून ठेवा. चांगलं चाललंय.

लॉइडच्या बहिणीने मला वर्तमानपत्राचं कात्रण पाठवलं. चांगल्या मनानेच पाठवलं असेल. 'हॅरो पासला लाभली पहिली महिला केंद्रचालक.' खाली तुमचा फोटो, डोक्यावर पिवळी टोपी, हात कमरेवर, मागे माझ्या टाक्या. मी ते कात्रण फ्रिजवर लावलं, मग काढलं, मग परत लावलं. पहिली! मी चौदा वर्षं तिथे काय करत होते, लोणचं घालत होते?

तुमचा गैरसमज झालाय की मी गॉर्डीवरून जळते. गॉर्डी तुम्हाला लखलाभ. हातावर हात ठेवून शिकवलं म्हणता, छान. मग हेही ऐकून ठेवा. मी गाव सोडलं त्या वर्षापासून दर नोव्हेंबरात तो मला फोन करायचा, पाणी पाच अंशांवर आलं की. 'व्हर्ना, आता काय करू?' मी सांगायची, तो कागदावर उतरवून घ्यायचा. दहा वर्षं. तुमच्या लग्नानंतरही. तुम्ही शाळेत सूप ढवळत असाल तेव्हा ऑफिसातून करायचा. 'हिवाळा माझा एकट्याचा' याचा अर्थ तेवढाच होता.

शेड साफ केलीत, बरं केलंत.

व्ह. लिंडक्विस्ट


हॅरो पास
१४ जानेवारी १९९७

व्हर्नाबाई,

सहा आठवडे लिहिलं नाही. तुमचं पत्र वाचून तुम्हाला आयुष्यात पुन्हा लिहायचं नाही असं ठरवलं होतं. मग ऑफिसातल्या टेबलाचा खालचा खण उघडला. तिथे पिवळे कागद सापडले, दर वर्षी एक, वर तारीख, नोव्हेंबरातली. गॉर्डीचं अक्षर, तुम्ही म्हणता तसंच, वाचता न येणारं. पण प्रत्येकावर वरच्या कोपऱ्यात 'व्ह.' स्वच्छ लिहिलंय. ते एक अक्षर त्याने सावकाश काढलं असणार.

मी त्याची बायको होते. त्याच्या गुडघ्यांना मी तेल लावलं, त्याची आई मी सांभाळली. पण दर वर्षी त्याला ज्या दिवशी भीती वाटायची त्या दिवशी तो तुमच्याकडे यायचा. जळून जळून मी दोन दिवस जेवले नाही. हे तुम्हाला वाचायला आवडेल, म्हणून लिहिते.

बाकी सगळं बुडालं. नाताळच्या आठवड्यात गाव स्कीवाल्यांनी भरलं. अमोनिया आधी उत्तम होता, मग एकाएकी चढायला लागला. फेस विरला. पाणी गढूळ झालं. सूक्ष्मदर्शकाखाली जिकडे तिकडे मेलेलेच. पाण्याचा आंबटपणा मोजायचं पीएच मीटर सहाच्या खाली, म्हणजे आंबट दाखवत होतं, मला वाटलं बिघडलं, म्हणून आठवडाभर त्याच्याकडे पाहिलंच नाही. बिघडलं नव्हतं. पाच जानेवारीला पुलाखाली अकरा ट्राउट मासे उताणे पडलेले सापडले. शाळेतली मुलं बघायला गेली होती. शाळेत माझ्या हातचं जेवलेली मुलं.

राज्याचा माणूस येऊन गेला. फेब्रुवारीच्या शेवटी एक नमुना घेतील, तो चुकला की केंद्र बाहेरच्या कंपनीकडे. लॉइड या वेळी हसला नाही. म्हणाला, "पॅट्रिस, तू स्वतःहून सोडलंस तर बरं दिसेल." एकतीस तारखेला राजीनामा देतेय.

तुम्हाला दोष नाही. तुम्ही सांगितलंत ते सगळं अक्षरशः केलं. तुमच्यासारखा हात माझ्याकडे नाही, एवढंच. गॉर्डीला ते ठाऊक असावं.

पॅट्रिस


सँडी हेड
१८ जानेवारी १९९७

पॅट्रिस,

राजीनामा देऊ नकोस. हे पत्र आणि सोबतची पेटी तातडीच्या टपालाने पाठवतेय. पेटीत चौदा वह्या आहेत. १९७९ ची आधी उघड.

अगं, तुझा हात चुकला नाही. मी अर्धंच सांगितलं.

ते जिवाणू अमोनिया खातात तेव्हा पाणी आंबवतात. आपल्याकडचं पाणी म्हणजे ग्रॅनाइटवरून आलेलं बर्फाचं पाणी, त्यात तो आंबटपणा मारायला काहीच नाही. जितका गाळ जास्त, जितकं काम चांगलं, तितकं पाणी लवकर आंबतं, आणि मग ते आपल्याच पाण्यात मरतात. म्हणून थंडीत रोज सोडा घालावा लागतो. धुण्याचा सोडा. शेडमधली ती बावीस पोती मी सांगितल्यावर गॉर्डीने दर उन्हाळ्यात भरून ठेवलेली.

पहिल्या पत्रात मी सोड्याचं मुद्दाम गाळलं. वाटलं, थोडी धडपडेल, मग मला पुन्हा विचारेल. विचारावं लागेल. पण दुसऱ्या वेळी काहीच निमित्त नव्हतं. तू पोती देऊन टाकलीस हे मी वाचलं. मला त्याच क्षणी कळलं होतं की जानेवारीत काय होणार. आणि मी लिहिलं, 'शेड साफ केलीत, बरं केलंत.' ते वाक्य मी एकदाही न खोडता लिहिलं. तुझा पिवळ्या टोपीतला फोटो समोर होता.

माफी मागत नाही. माफीने ट्राउट परत येत नाहीत.

आता कर ते असं. सोडा मिळेल तिथून आण, आजच. दोन तासांनी थोडा थोडा, कोमट पाण्यात विरघळवून, मीटर सातवर येईपर्यंत. एकदम ओतू नकोस. जिवाणू मेलेत, ते नुसत्या सोड्याने उठणार नाहीत. खिंडीपलीकडे कोल्टरचं केंद्र आहे, त्यांच्या टाकीतला जिवंत गाळ टँकरने आण. दोन खेपा तरी. तिथला ऑर्विल स्टँग अजून असेल तर त्याला माझं नाव सांग. नाव चालत नसेल तर पेस्टी ने. आणि स्की लॉजला सांग, गरम पाण्याचे टब महिनाभर गटारात रिकामे करू नका, त्यातल्या औषधाने जिवाणू मरतात.

फोन कर, कधीही.

व्हर्ना


हॅरो पास
९ मार्च १९९७

व्हर्नाबाई,

मी फोन केला नाही. तुमचा आवाज ऐकला असता तर तोंडातून काय गेलं असतं सांगता येत नाही.

पत्र वाचून पहिलं काय केलं माहितीये? पेटी उचलली आणि बर्फात फेकायला दारापर्यंत गेले. तुम्ही मला बुडवलंत, ठीक. पण खाली पुलावर पोरं ते पाणी बघत उभी होती. परत आले, १९७९ उघडली. तुमचं अक्षर सुंदर आहे, याचाही मला राग आला.

सोडा शाळेकडून परत मागून आणला, चौदा पोती उरली होती. ऑर्विल स्टँग आहे अजून, एका कानाने बहिरा. तुमचं नाव सांगितलं तर ओरडला, "व्हर्ना? मग आधीच सांगायचंस ना बाई, टाकी घेऊन जा सगळी!" पेस्ट्याही ठेवून घेतल्या. तीन खेपा केल्या. दुसऱ्या खेपेला खिंडीत टँकर घसरला, बर्फ सारणाऱ्या गाडीने ओढून काढला, आणि मी आत बसून एकच विचार करत होते की गाळ गार पडता कामा नये. विरजण लावतात तसं दुसऱ्या गावाचं आपल्या टाकीत लावलं. नऊ दिवस काहीच नाही. दहाव्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली एक हलला. मी एकटीच होते, तरी मोठ्याने ओरडले.

सव्वीस फेब्रुवारीचा नमुना पास झाला. परवा मंडळाने नोकरी पक्की केली.

इथवर चांगलं लिहिता आलं असतं, पण तुम्ही खरं लिहिलंत म्हणून मीही लिहिते. मी राज्याला आणि मंडळाला तुमच्याबद्दल एक शब्दही सांगितला नाही. वाईट नाही, तसं चांगलंही नाही. बैठकीत लॉइड उभा राहून म्हणाला, "शेवटी गॉर्डीचा हात लागलाय हिच्या हाताला." टाळ्या झाल्या. मी तोंड उघडू शकले असते. टेबलावर तुमची वही होती, माझ्या कोपराखाली. मी हसले आणि आभार मानले. सगळ्यांचे. कुत्रा तेवढा नव्हता आमच्याकडे.

वह्या मी ठेवून घेतेय. परत मागितल्यात तर पाठवीन, पण मागू नका.

पॅट्रिस


सँडी हेड
२ जून १९९७

पॅट्रिस,

वह्या ठेव. त्या टाक्यांशेजारीच असायला हव्यात.

बैठकीचं वाचून मी तीन महिने गप्प होते. तू काय केलंस ते मला समजलं. फार नीट समजलं, म्हणूनच राग जास्त आला. तो आता शिळा झालाय.

एक काम आहे. आमच्या गावाच्या केंद्राला चालक हवाय. मी एकसष्ट वर्षांची आहे, इथे दुकानात शिंपल्यांची खेळणी विकते आणि रोज संध्याकाळी त्या केंद्राच्या कुंपणापाशी जाऊन त्यांचं काय चुकतंय ते बघत उभी राहते. परवान्याच्या परीक्षेला बसायचं ठरवलंय. पण बसू द्यायला अनुभवाचा दाखला लागतो, जिथे काम केलं तिथल्या चालकाच्या आणि गावमंडळाच्या अध्यक्षाच्या सहीचा. मी कधी कामावरच नव्हते, तर दाखला कोण देणार? हॅरो पासची चालक तू आहेस. फॉर्म सोबत आहे. तीस जूनच्या आत पोचायला हवा.

तू दिला नाहीस तर मला बोलायला तोंड नाही.

व्हर्ना


हॅरो पास
२४ जून १९९७

व्हर्नाबाई,

फॉर्म सोबत आहे, तातडीच्या टपालाने. तारखेच्या आत पोचेल, मी पोस्टात विचारून खात्री केली.

तो माझ्याकडे सहा तारखेलाच आला होता. अठरा दिवस खणात पडून होता. विसरले नव्हते. रोज खण उघडायचे, बघायचे, बंद करायचे. तीस तारीख उलटू द्यायची आणि मग 'टपालात गहाळ झाला वाटतं' असं कळवायचं, इतकं वाक्यही तयार होतं. त्या अठरा दिवसांत मला कळलं की नोव्हेंबरात तुम्हाला कसं वाटलं असेल. त्यात मजा असते, नाही का? मला वाटलं नव्हतं इतकी. मग काल टाकीचा कठडा धूत होते, आणि एकदम त्या मजेचा कंटाळाच आला. आता आपली फिट्टंफाट.

फॉर्ममध्ये 'अर्जदाराचं काम' याखाली दोन चौकटी होत्या, चालक आणि मदतनीस. मी चालकवर खूण केली. लॉइडकडे सहीला नेला. तो चष्मा लावून बराच वेळ वाचत बसला.

"चालक? अगं, चालक तर गॉर्डी होता."

"पगार गॉर्डी घेत होता," मी म्हटलं, आणि १९७९ ची वही त्याच्यासमोर ठेवली. त्याने जानेवारी उघडला, फेब्रुवारी उघडला. रोजची नोंद, रोज सकाळी सहाची. आकडे, जिवाणूंची छोटी छोटी चित्रं. मार्चपर्यंत गेला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

"आम्हाला कुणी सांगितलंच नाही," म्हणाला.

"ती तुझ्या घरासमोरून जायची, लॉइड. चौदा वर्षं."

त्याने सही केली. मग फॉर्म परत माझ्याकडे सरकवला, एक रकाना राहिला होता म्हणून. 'कोणाच्या देखरेखीखाली काम केले?' त्याने पेन पुढे केलं. मी लिहिलं, 'कोणाच्याही नाही.' वाचून बघा, शाईने लिहिलंय.

पुढच्या बैठकीत हे सगळ्यांसमोर सांगणार आहे. सांगेन असं वाटतंय. लॉइडला आता माहीत आहे, त्यामुळे टाळता यायचं नाही.

तुमचा हेवा अजून वाटतो. रोज सकाळी वही उघडते तेव्हा वाटतो. परीक्षेत मला शंभरातले अठ्ठ्याहत्तर पडले होते. तुम्हाला जास्त पडले तर कृपा करून कळवू नका.

पॅट्रिस